दवबिंदू, खारं पाणी आणि एक उद्गारचिन्ह

मागच्या जुलैत आजीने मला रंगेहाथ पकडलं. रात्रीचे साडेअकरा झाले होते. एसीच्या नळीखाली लावलेली बादली उचलून मी हळूच जिना चढत होतो. गच्चीवर तिची सतरंजी पसरलेली होती आणि ती जागी होती.

"काय करायलास रे?"

"झाडाला पाणी."

"एवढ्या राती? आन नळाचं पाणी काय वाईट आहे?"

आता तिला काय सांगणार? सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी आमच्या घरात पिंप, बादल्या, घागरी, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवतात. ज्या बाईने आयुष्यभर पाण्याचा थेंब थेंब मोजला, तिला कसं सांगायचं, की हातभर ट्रेमधल्या या बोटभर रोपांना नळाचं पाणी चालत नाही, बोअरचं तर मुळीच नाही, यांना फक्त पावसाचं किंवा एसीतून ठिबकलेलंच लागतं?

मी तिला मोबाइलच्या उजेडात ट्रे दाखवला. बारीक, गवतासारखी पानं. प्रत्येक पानावर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एकेक चमकता थेंब. एका पानावर एक चिलट अडकलं होतं आणि पान त्याच्याभोवती अर्धं वळलं होतं.

आजीने बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "शनिवारी पण खातं का?"

हा लेख त्या रोपाबद्दल आहे. मराठीत त्याला दवबिंदू म्हणतात. शास्त्रीय नाव ड्रॉसेरा इंडिका. पण खरं सांगायचं तर लेख त्या नावाबद्दल जास्त आहे. एखाद्या झाडाला नाव कोण देतं, आणि ते झाड आधीपासून ओळखणाऱ्या माणसांचं पुढे काय होतं, याबद्दल.

०

सुरुवात एका चोरीपासून करतो, कारण माझी सुरुवात तिथूनच झाली.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही सहा जण सप्टेंबरमध्ये कासला गेलो. सातारा शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं कास पठार तुम्ही इन्स्टावर पाहिलेलंच असणार. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कासही आहे. आम्हाला अर्थात फोटो हवे होते. निळ्याजांभळ्या फुलांचा गालिचा दिसला, त्याला "सीतेची आसवं" म्हणतात असं गाइडने सांगितलं. मग तो म्हणाला, "ही फुलं दिसायला नाजूक, पण झाड मांसाहारी आहे बरं का."

आम्ही हसलो. शाळेच्या पुस्तकात घटपर्णीचं आणि व्हीनस फ्लायट्रॅपचं चित्र होतं. मांसाहारी झाड म्हणजे परदेशातलं किंवा फार तर मेघालयातलं, एवढंच डोक्यात बसलेलं. इथे तो माणूस वाकून पायाशी बोट दाखवत होता. कातळावरच्या ओल्या मातीत एक तांबडं, नाण्याएवढं, जमिनीला चिकटलेलं चक्र होतं. शेजारी उभी, बारीक पानांची दुसरी जात होती, तिला काही जण गवती दवबिंदू म्हणतात. पहिली ड्रॉसेरा बर्मानी, दुसरी ड्रॉसेरा इंडिका. भारतात दवबिंदूच्या जाती मोजून तीन. त्यातल्या दोन माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर होत्या.

गाइड पुढे गेला आणि मी एक रोप मुळासकट उपटून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत टाकलं. तिथे फूल तोडायलाही बंदी आहे, हे मला माहीत होतं. वाटलं, हजारो आहेत, एकाने काय होतंय.

सोलापूरला येऊन मी ते कुंडीत लावलं. आमच्याकडची उत्तम काळी माती, वर मूठभर शेणखत, बोअरचं भरपूर पाणी. म्हणजे आईने तुळशीला जे केलं असतं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी पानांवरचे थेंब गेले. चौथ्या दिवशी पानं काळी पडली. सहाव्या दिवशी कुंडीत नुसती माती होती.

मी त्याला मायेने मारलं होतं. हे कळायला मला चार वर्षं लागली.

०

दवबिंदू किडे का खातो? भूक म्हणून नव्हे, गरज म्हणून. कासचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचा कातळ. त्यावर मातीचा थर कुठे चार बोटं, कुठे तेवढाही नाही. पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि मातीतले विरघळणारे क्षार वाहून जातात. नायट्रोजन आणि फॉस्फरस नावापुरते उरतात. अशा जागी इतर झाडं तग धरत नाहीत, म्हणून ऊन भरपूर आणि जागा मोकळी असते. दवबिंदूने नेमकी ती जागा धरली. सूर्यप्रकाशातून साखर तो स्वतः बनवतो, नायट्रोजन किड्यांकडून घेतो. मुळांचं काम मुख्यतः पाणी ओढायचं आणि रोप धरून ठेवायचं.

म्हणजे या झाडाची सगळी यंत्रणा गरिबीसाठी बनलेली आहे. त्याला अचानक श्रीमंती दिली की ते मरतं. काळी माती, शेणखत आणि सोलापूरचं बोअरचं पाणी ही त्याच्यासाठी विषासारखी श्रीमंती. कोविडच्या काळात मी पुण्याची खोली सोडून घरून काम करायला सोलापूरला आलो, तेव्हा पाण्यातले क्षार मोजायचं एक पेनासारखं मीटर मागवलं. अशा झाडांना साधारण पन्नासच्या आतलं पाणी लागतं. आमच्या बोअरच्या पाण्याने अकराशेचा आकडा दाखवला. मी मीटर बिघडलं असं समजून पुसून परत बुडवलं. अकराशे चाळीस!

आरओचं पाणी चाललं असतं, पण आरओ एक तांब्या चांगलं पाणी देताना दोन-तीन तांबे वाया घालवतो. पाण्यासाठी घागरी भरून ठेवणाऱ्या घरात एका हौशी रोपासाठी ते करणं मला पटेना. राहिला पाऊस. सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. म्हणून शेवटी एसीची बादली. हवेतली वाफ थंड नळीवर जमून ठिबकते, त्यात क्षार जवळपास नसतात. माझ्या मीटरवर अठरा. एप्रिल-मे मध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की एसी ठिबकतच नाही, पण जूननंतर रात्रीत अर्धी बादली सहज भरते.

बिया मी एका हौशी माणसाकडून घेतल्या, जो त्या घरी वाढवलेल्या रोपांपासून धरतो. पठारावरून काहीच आणायचं नाही, हे आता माझ्यापुरतं ठरलेलं आहे. बी अक्षरशः काळ्या धुळीसारखं. कोकोपीट सात-आठ वेळा धुवायचं, कारण त्यातही मीठ असतं. त्यात निम्मी धुतलेली जाड वाळू. वर बी नुसतं भुरभुरवायचं. मातीआड केलं तर उजेड न मिळाल्याने उगवत नाही. कुंडी बोटभर पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची, म्हणजे पाणी खालून चढतं. खत शून्य. ऊन पूर्ण. आणि हो, पनीरचा तुकडा किंवा मटणाचा रस्सा घालून व्हिडिओ काढायचा मोह आवरायचा. पान कुजतं. चिलटं त्याला तो स्वतः मिळवतो.

तीन आठवड्यांनी टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी ठिपकी दिसली. ऑगस्टमध्ये पहिला थेंब.

०

आता नावाकडे येऊ.

ड्रॉसेरा हा शब्द ग्रीक. अर्थ, दवाने भिजलेला. लॅटिनमध्ये या झाडाला "रोस सोलिस" म्हणत, म्हणजे सूर्याचं दव. आणि मराठीत दवबिंदू. भर उन्हात, बाकीचं दव उडून गेल्यावरही ज्याच्यावर थेंब टिकतात ते झाड, हे सगळ्यांच्या एकाच वेळी लक्षात आलेलं दिसतं. मध्ययुगीन युरोपात या न उडणाऱ्या दवाचं इतकं कौतुक होतं की त्यापासून काढा आणि मद्य बनवत. खोकल्यावर तर ते पुढे शतकानुशतकं वापरलं गेलं.

"इंडिका" मात्र लिनियसने लावलं. १७५३ सालच्या त्याच्या ग्रंथात ड्रॉसेरा इंडिका आहे. झाडाच्या शास्त्रीय नावापुढे नाव देणाऱ्याचं नाव लिहितात, लिनियसला त्यासाठी एकच अक्षर पुरतं: "एल." आमच्या धंद्यात गिट नावाची प्रणाली असते. कोडची कुठलीही ओळ कोणी लिहिली ते तिथे लगेच दिसतं. मला हे "एल." तसंच वाटायचं. ओळ लिनियसने लिहिली, विषय संपला.

पण कोड लिहिणाऱ्या कुणालाही विचारा. नाव शेवटी कमिट करणाऱ्याचं दिसतं. शेजारी बसून चूक दाखवणाऱ्याचं दिसत नाही.

लिनियस भारतात कधी आला नाही. भारतातल्या झाडांसाठी तो ज्या पुस्तकांवर विसंबला, त्यात एक मोठं पुस्तक होतं "होर्टस मलबारिकस". कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने ते करवून घेतलं. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये त्याचे बारा खंड छापले गेले. दहाव्या खंडात एका बारीक पानांच्या, केसाळ रोपाचं चित्र आहे. नाव दिलंय "अराका-पुडा". तोच आपला दवबिंदू, त्याच्या मल्याळी नावाने. लिनियसच्या साठ-सत्तर वर्षं आधी.

ही नावं ऱ्हीडला कुणी सांगितली? पहिल्या खंडातच त्याची पावती आहे. इट्टी अच्युतन नावाचे एक मल्याळी वैद्य, त्या काळी खालच्या मानलेल्या ईळवा जातीतले, त्यांच्या घराण्यातल्या पोथ्यांमधलं ज्ञान या ग्रंथाचा कणा आहे. आणि त्यांच्यासोबत तीन नावं आपल्याला ओळखीची वाटावीत अशी: रंगभट, विनायक पंडित, अप्पू भट. हे कोचीनला स्थायिक झालेले कोकणी ब्राह्मण. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून खाली सरकलेल्या समाजातले. या तिघांनी १६७५ मध्ये एक प्रमाणपत्र लिहून दिलं, की झाडांची नावं आणि गुण आम्ही सांगितले, तपासले, त्यासाठी दोन वर्षं खपलो. ते प्रमाणपत्र कोकणीत आहे आणि नागरी लिपीत आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी अक्षरांच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी ते एक.

त्याचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा गंमत वाटली. डच गव्हर्नर, लॅटिन पुस्तक, ॲम्स्टरडॅमचा छापखाना आणि मध्येच आपली वळणदार नागरी. मी अक्षरं लावत बसलो. सगळी लागली नाहीत, पण काही शब्द सरळ वाचता आले. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी आग्रह धरला होता, की आम्ही बघितलंय, हे आमच्या अक्षरात लिहा.

ग्रंथ लॅटिनमध्ये असल्यामुळे तो जिथल्या झाडांचा, तिथल्या लोकांना तीनशे वर्षं वाचता आला नाही. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली काही दशकं घालून त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, ते २००३ मध्ये आलं. मल्याळी त्यानंतर. म्हणजे इट्टी अच्युतनांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्याच भाषेत परत यायला तीन शतकं लागली.

०

लिनियसने नाव दिलं, पण झाड काय करतं ते त्याला मानवलं नाही. १७६९ च्या सुमारास जॉन एलिस या इंग्रज अभ्यासकाने त्याला पत्र लिहून कळवलं, की अमेरिकेतलं व्हीनस फ्लायट्रॅप किडे पकडून खात असावं. लिनियसने पकडणं मान्य केलं, खाणं नाही. किडा धडपडायचा थांबला की पान उघडून त्याला सोडत असेल, असं त्याचं म्हणणं. त्याच्या डोक्यात सृष्टीची उतरंड पक्की होती: झाडं खाली, प्राणी वर. खालच्याने वरच्याला खाणं म्हणजे सगळी रचनाच उलटी.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत आल्ब्रेख्ट रोट या डॉक्टरने दवबिंदूचे केस किड्यावर वाकतात हे नीट पाहून लिहिलं. पण पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं त्याकडे फारसं कुणी बघितलं नाही.

मग १८६० चा उन्हाळा. "ओरिजिन ऑफ स्पीशीज" छापून जेमतेम काही महिने झाले होते, इंग्लंडभर वादळ उठलेलं होतं, आणि चार्ल्स डार्विन ससेक्समधल्या हार्टफील्ड गावी माळावर वाकून गोल पानांच्या दवबिंदूवर किती माश्या चिकटल्यात ते मोजत होता. त्या नोव्हेंबरमध्ये त्याने मित्राला लिहिलं, की सध्या मला जगातल्या सगळ्या जातींच्या उगमापेक्षा ड्रॉसेराची जास्त काळजी आहे. त्याच्या बायकोने, एमाने, मैत्रिणीला कळवलं, की हे त्या झाडाला जिवंत प्राण्यासारखं वागवतात, शेवटी ते प्राणीच असल्याचं सिद्ध करायचा विचार दिसतोय. आमच्या घरात हेच वाक्य आईने वेगळ्या शब्दांत म्हटलंय.

डार्विनने पंधरा वर्षं घेतली. १८७५ मध्ये "इन्सेक्टिव्होरस प्लांट्स" आलं. अर्ध्याहून जास्त पुस्तक एकट्या दवबिंदूवर. त्याने पानांना दूध दिलं, कच्चं मांस दिलं, अंड्याचा पांढरा बलक दिला, लघवीसुद्धा दिली. आणि काच, कोळसा, दगडाचे कणही ठेवून पाहिले. नायट्रोजन असलेल्या गोष्टींवर पान टिकून वाकतं, बाकीच्यांवर लवकर सोडून देतं. त्याने माणसाच्या केसाचा एक तुकडा ठेवला, वजन ०.०००८२२ मिलिग्रॅम. पानावरचा केस त्यालाही वाकला. पण पावसाचे टपोरे थेंब वरून पडले तर वाकत नाही. एखादा जोरदार स्पर्शही सोडून देतो. हलका, पण टिकून राहिलेला किंवा पुन्हा पुन्हा होणारा स्पर्श हवा.

हे वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. ऑफिसात आम्ही महिनाभर एका सेन्सरच्या खोट्या अलार्मशी झगडत होतो. पाऊस आणि पाऊल यातला फरक सॉफ्टवेअरला कळत नव्हता. इथे ना मेंदू, ना मज्जातंतू, आणि गाळणी इतकी चोख.

तरी एक प्रश्न उरलाच. खातं हे खरं, पण त्याचा झाडाला फायदा होतो का? ते डार्विनच्या मुलाने, फ्रान्सिसने, १८७८ मध्ये दाखवलं. काही रोपांना मांसाचे बारीक तुकडे दिले, काहींना उपाशी ठेवलं. जेवलेल्या रोपांना जवळपास अडीचपट बिया आल्या. लिनियसची उतरंड तिथे संपली.

०

आता परत महाराष्ट्रात.

बारावीनंतर मला पुण्याच्या सीओईपीला जायचं होतं. मार्क कमी पडले. त्याचं शल्य बरेच दिवस होतं. म्हणून जेव्हा कळलं, की मुंबई इलाख्याच्या झाडांचा सगळ्यात मोठा ग्रंथ सीओईपीच्याच एका जुन्या प्राचार्याने लिहिलाय आणि तो वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे, सिव्हिल इंजिनिअर होता, तेव्हा मी चकित झालो.

थिओडोर कुक. आयरिश. डब्लिनला इंजिनिअरिंग शिकला, १८६० मध्ये बीबीसीआय रेल्वेत नोकरीला भारतात आला, वसईच्या लोखंडी पुलाचं काम केलं. १८६५ मध्ये पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राचार्य झाला, पुढे तेच कॉलेज ऑफ सायन्स म्हणून ओळखलं गेलं. १८९३ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतला आणि क्यू इथे बसून "फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे" लिहिला. १९०१ ते १९०८ मध्ये तो भागाभागाने प्रसिद्ध झाला. सोलापूर तेव्हा याच इलाख्यात. दवबिंदूचं कूळही त्या ग्रंथात आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी आपल्याकडचे अभ्यासक आजही तो उघडतात.

त्यात प्रत्येक झाडाखाली ते कुठे, कुणाला सापडलं ते दिलंय. गावाचं नाव, पुढे माणसाचं नाव, आणि बऱ्याचदा त्यापुढे एक उद्गारचिन्ह. मला आधी कळेना, की साहेब एवढा का ओरडतोय. आमच्या कोडमध्ये उद्गारचिन्हाचा अर्थ "नाही" असा असतो. वनस्पतिशास्त्रात नेमका उलटा आहे. हा नमुना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, असा त्याचा अर्थ.

आणि त्या उद्गारचिन्हांआधी नुसते साहेब नाहीत. स्टॉक्स, लॉ, वुड्रो यांच्या रांगेत "कानिटकर" येतात. "भिवा" येतो. नुसतं भिवा. आडनाव नाही, पद नाही. कुठल्यातरी घाटात चिखलातून जाऊन, रोप उपटून, कागदात दाबून, सुकवून आणणारा माणूस. ग्रंथावर नाव कुकचं आहे, पण त्याने भिवाला पुसून टाकलं नाही. गावापुढे त्याचं नाव ठेवलं आणि पुढे लिहिलं: मी पाहिलं.

ही परंपरा आपल्याकडे तुटलेली नाही, हे मला नंतर कळलं. आपण राहतो त्या शहरातच. "सीतेची आसवं" ज्या उट्रिक्युलेरिया प्रजातीतली, तिच्यातल्या दोन नव्या जाती सह्याद्रीतून शास्त्रज्ञांनी नोंदवल्या: उट्रिक्युलेरिया नाइकी आणि उट्रिक्युलेरिया जनार्थनमी. एक मराठवाड्याच्या झाडांचा ग्रंथ लिहिणाऱ्या प्रा. नाईकांच्या नावाने, दुसरी गोवा विद्यापीठातल्या जनार्थनम यांच्या नावाने. या जनार्थनम यांनीच सहलेखकासोबत भारतातल्या या कुळावर पुस्तक लिहिलंय. दोन्ही नावांपुढे तीन आडनावं आहेत: यादव, सरदेसाई, गायकवाड. यातले गायकवाड सोलापूरच्या वालचंद कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांनी सहकाऱ्यासोबत सोलापूर जिल्ह्याच्या झाडांचाही ग्रंथ केला. ज्या कॉलेजच्या बाहेर मी मित्रासोबत चहा पीत उभा असायचो, त्या भिंतीच्या आत मांसाहारी झाडांना नाव देणारा माणूस होता, आणि मी मात्र रोप चोरायला साताऱ्याला गेलो होतो.

०

सप्टेंबरमध्ये ट्रेमधल्या रोपांना गुलाबी फुलं आली. आजी आता रोज संध्याकाळी येऊन "आज किती खाल्ले?" विचारायची. शनिवारचा मुद्दा तिने सोडला होता. तिच्या मते हे झाड दुष्काळातलं होतं आणि दुष्काळात सगळं माफ असतं.

एकदा मी तिला चित्रकाबद्दल सांगत होतो. आमच्या गल्लीच्या टोकाला पडक्या वाड्याच्या भिंतीशी पांढरा चित्रक वाढतो. त्याच्या फुलाखालच्या हिरव्या नळीवर चिकट केस असतात, त्यात मुंग्या-चिलटं अडकतात. तो दवबिंदूचा लांबचा नातेवाईक आहे. चित्रकाच्या मुळात जे झणझणीत द्रव्य आहे, प्लंबॅजिन, ते दवबिंदूतही असतं. म्हणजे दवबिंदू सोलापुरात परका असला तरी त्याचं गोत्र इथलंच.

"चिकट म्हणशील तर घेटुळी पण चिकटती की," आजी म्हणाली. "लुगड्याला बिया लागायच्या. काढता काढता नखं दुखायची."

घेटुळी म्हणजे पुनर्नवा. मी शोधलं. तीसुद्धा त्याच मोठ्या गटातली निघाली. आजीने हाताच्या बोटाने जे जोडलं होतं, ते बरोबर होतं.

मग ती बोलत राहिली. बाहत्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, आईचा जन्म व्हायचा होता. सरकारी कामावर सुकडी मिळायची, ती पुरायची नाही. रस्त्याच्या कडेला बाकी सगळं वाळलं होतं, पण घेटुळी जमिनीला धरून हिरवी असायची. तिची भाजी करून खाल्ली. कोणती कोवळी घ्यायची, कोणती कडू लागते, कशाने पोट बिघडतं, कोणत्या पाल्याला शेळीही तोंड लावत नाही, हे तिने एकामागून एक सांगितलं. मी फोनमध्ये टिपत गेलो. त्यातली बरीच नावं मी आयुष्यात ऐकली नव्हती. माझ्या आईलाही निम्मीच माहीत होती.

मला तेव्हा कोचीनचे ते तिघं आठवले. कुणीतरी विचारलं, म्हणून त्यांनी सांगितलं. कुणीतरी विचारलं, म्हणून भिवा घाटात गेला. मी सहा वर्षं एका झाडाच्या नावाचा इतिहास शोधत तीन खंड फिरून आलो, आणि आमच्याच गच्चीवर सतरंजीवर बसलेल्या बाईला कधी विचारलं नव्हतं.

०

गवती दवबिंदू एका वर्षाचाच असतो. नोव्हेंबरच्या शेवटी रोपं तळापासून तपकिरी होत गेली. गड्ड्याची जत्रा येईपर्यंत ट्रेमध्ये काडी उरली नाही. पहिल्या वेळेसारखं वाईट वाटलं नाही, कारण त्याआधी मी वाळलेल्या बोंडांखाली कागद धरून बी झाडून घेतलं होतं. कागदाची पुडी फ्रिजच्या दारात आहे. आईने तिच्यावर मार्करने "खाऊ नये" लिहिलंय.

आजी आता गच्चीवर चढत नाही, गुडघे साथ देत नाहीत. म्हणून रविवारी मी तिला रिक्षाने जुन्या रस्त्यांना घेऊन जातो. ती खिडकीतून, म्हणजे रिक्षाच्या उघड्या बाजूने, काठीने दाखवते. मी उतरून फोटो काढतो. घरी येऊन एका शीटमध्ये भरतो: तिचं नाव, पुस्तकातलं नाव, जागा, तारीख. आजवर एकेचाळीस झाली आहेत. सात झाडं तिने सांगितली पण आम्हाला सापडली नाहीत. तिथे आता प्लॉट पडलेत.

शेवटच्या रकान्यात मी पाहणाऱ्याचं नाव लिहितो. तिथे एकेचाळीस वेळा "आजी" लिहिलंय, आणि पुढे कुकसारखंच उद्गारचिन्ह.